तळ्याशी बोलणारे जळबा

जळबांविषयी लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. त्यांचं आडनावसुद्धा मला ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याकडून कळलं. दोन वर्षं ते माझ्याशी बोलत होते आणि त्यातलं निम्मं मी ऐकलंच नाही. जेवढं कानात राहिलं तेवढं लिहितो.

डोंगरकडा गावाच्या पुढे सागाच्या जंगलात एक तळं आहे. वनखात्याने त्याच्या काठी तंबू ठोकायला सहा ओटे बांधलेत. एक हापसा, दोन संडास आणि प्रत्येक ओट्यापाशी तीन दगडांची चूल. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. आपला तंबू आणावा, आपलं आपण शिजवून खावं, निवांत पडावं. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून एकदा तिथे मुक्कामाला जाऊ लागलो. घरात माणसं सात आणि टीव्ही दोन, हे त्याचं कारण.

जळबा तिथले रखवालदार. निवांतपणा हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. पाहुण्याला एकटं जेवू देणं त्यांच्या लेखी घराण्याला बट्टा. ताट वाढलं की समोर उकिडवे बसायचे आणि म्हशीच्या आजारापासून सोयरिकीपर्यंत सगळं सांगायचे. एकदा नांदेडच्या पोरांचं नूडल्सचं पातेलं त्यांनी चुलीवरून उतरवलं आणि पुढे भाकरी-पिठलं ठेवलं. "या गांडुळानं पोट भरतं व्हय, लेकरांनो?"

पोरांनी अभिप्रायाच्या वहीत तक्रार लिहिली. माझा धीर तसा कमीच, पण त्याखाली मीही एक ओळ लिहिली: 'जागा छान. रखवालदार जरा कमी बोलले तर आणखी छान.'

पुढच्या महिन्यात गेलो तर जळबा माझ्या ओट्याकडे फिरकले नाहीत. दहा पावलांवर, माझ्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून बसले. मी चूल पेटवली. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला.

"ए तळ्या, मास्तरचा भात करपून राहिला बघ."

मी घाईने पातेलं उतरवलं.

"आमी कोणाला बोलून न्हाई राहिलो. साहेबानं सांगितलंय, बलावल्याबिगर ओट्यावर जायचं न्हाई. आणखी एक तक्रार आली की बदली, शिरड शहापूरकडं, रोपांच्या नर्सरीत. रोपं काय बोलणार? अन् घरी दोन शेळ्या. त्या बी माझं आयकत न्हाईत."

मी चमचा उगाच फिरवत राहिलो.

"वहीत दुसरी तक्रार कोणाची म्हाईत न्हाई, तळ्या. पण अक्षर लई देखणं हाय. पोस्टातल्या माणसावाणी."

माझे कान तापले. आयुष्यात कधी कोणाची माफी नीट मागता आली नाही, तेव्हाही आली नाही. मी एवढंच म्हणालो, "जळबा, जेवायला या."

"न्हाई जमत."

"आता बोलावलं की!"

"तोंडी बलावणं साहेबाला कसं दावू? लिहून द्या."

मी वही मागितली आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'रखवालदारांना मी स्वतः जेवायला बोलावले आहे. ते बोलले तरी माझी हरकत नाही.' खाली सही, तारीख. जळबांनी ते दोनदा वाचलं आणि ओट्यावर चढले.

"बराबर हाय. आता सांगा, भातात मीठ काहून न्हाई?"

त्यानंतर ते प्रत्येक पाहुण्याकडून तसंच लिहून घेऊ लागले. कित्येकांना वाटलं, सरकारी नियमच असेल. वनपाल साहेबांनी वही चाळली, तर पानोपानी जेवणाची आमंत्रणं. त्यांनी डोक्याला हात लावला म्हणे, पण नर्सरीचं नाव पुन्हा काढलं नाही. जळबा तिथेच राहिले.

गेल्या मार्चमध्ये मी तंबू गुंडाळत होतो. पावसाळ्याआधी ते जातील असं कोणाला वाटलं असतं? चांगले पान खात उभे होते. मी म्हटलं, पुढच्या वेळी आखाडा बाळापूरच्या माझ्या मित्राला आणतो, रामजीला.

"नका आणू."

"का हो?"

"दोघं आले की तुमी आपसातच बोलत बसता. मंग मला कोण इचारतं?"

"बरं, एकटाच येतो."

"या मंग."