विजूताईंनी परत विचारलंच नाही

विजूताई गेल्या. त्यांची सगळ्यात चांगली फिल्म तुमच्यापैकी कुणीही बघितलेली नाही.

बाकीच्या बघितल्यात. कागदावरचे रस्ते, बनावट औषधं... कोरेगावच्या या बाईनं भल्याभल्यांची लफडी टीव्हीवर आणली.

कॅमेरा माझा असायचा. शिव्याही मलाच.

"दीडशहाण्या, फ्रेम नंतर सजव. आधी माणसाचं ऐक."

त्यांचा एक नियम होता. एडिट झालं की चॅनेलच्या आधी फिल्म बोलणाऱ्या माणसाला दाखवायची, त्याच्या घरी जाऊन. तो नको म्हणाला तर नको. परत विषय काढायचा नाही.

"दुसऱ्यांदा विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. आणि मग भोगतो तोच."

हळदीत रंग मिसळणाऱ्या एका गोदामावर आम्ही फिल्म केली. सगळी एका मावशींच्या बोलण्यावर उभी होती. त्या तिथं हळद निवडायच्या, नवरा तिथंच हमाल. नाव मुद्दाम लिहीत नाही.

आष्ट्यात, त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर फिल्म दाखवली. मावशींनी ती शेवटपर्यंत बघितली.

"नको ताई. तोंड झाकलं, आवाज बदलला, तरी बोलायची ढब गावाला कळती. ह्यांचं काम जाईल."

विजूताईंनी लॅपटॉप मिटला आणि चहा मागितला.

चॅनेल भडकलं. मी पण ताईंशी लय भांडलो. त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही, आणि त्यांनीही कुणाच्या दारात जाऊन मागितलं नाही.

पण सांगलीला जाताना आमची गाडी आष्ट्याला वळायचीच. चहा, म्हशीची चौकशी, पोरांची लग्नं. फिल्मबद्दल चकार शब्द नाही. मीही तिथंच बसलेला असायचो, बशीत चहा फुंकत.

परवा मावशींना बातमी सांगायला गेलो. खूप रडल्या. मग म्हणाल्या,

"आवं, ह्यांनी ते काम कवाच सोडलं. मी तवाच व्हय म्हटलं असतं. दरवेळी वाटायचं, आज ताई विचारतील. त्यांनी विचारलंच न्हाई."

"मग तुम्हीच सांगायचं ना, मावशी."

"आमीच नको म्हटलेलं. कुठल्या तोंडानं सांगायचं?"

दोघी इतकी वर्षं समोरासमोर बसून एकमेकींची भीड धरत राहिल्या. ते गोदाम अजून चालू आहे. ती हळद आपल्याच आमटीत पडतेय.

निघताना मावशी म्हणाल्या, "आता लावा. आन् तोंड झाकू नका माझं."

लावतोय. चॅनेल नाही म्हणालं तर आष्ट्याच्या चौकात पडदा बांधून लावीन.

काल शेवटची पाटी करायला बसलो. दिग्दर्शन, आणि पुढं विजूताईंचं नाव. त्या नावाच्या आधी 'कै.' लिहावं लागलं.

ताई, एवढं एक बघून जायला हवं होतं तुम्ही.

तुमच्या कॅमेरावाल्याचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.