रुमालाखालचा कॉम्प्युटर

जवळ ये गं रेणू. पुण्यात बसलीस म्हणून काय झालं, कान तरी इकडं कर. कॉम्प्युटर दात बघून घेता येत नाही, ही गोष्ट आपल्या घराण्यात पहिल्यांदा मी सिद्ध केलेली आहे. असं असताना तू मला न विचारता गेमचा कॉम्प्युटर घेतलास? तोही आतून निळे-लाल दिवे लागणारा, वरातीच्या घोड्यासारखा! तुझ्या आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला घास गोड लागला नाही. (दुसरा लागला. पण पहिला नाही.) अगं, या विषयातला घरातला सगळ्यात जुना अनुभव कुणाचा? माझा! तू तेव्हा आईच्या पोटात होतीस, त्यामुळं तुला आठवायचं काही कारण नाही. म्हणून सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुझी आई वैशाली, माझी सून, लग्न होऊन लोणी देवकरला आपल्या घरी आली ती कॉम्प्युटरचा कोर्स करून. बाकीच्या सुनांच्या रुखवतात सतरंज्या आणि लोणच्याच्या बरण्या; हिच्या रुखवतात काचेच्या चौकटीत घातलेलं सर्टिफिकेट! पहिल्याच महिन्यात तिनं ते रस्त्याकडच्या खोलीत खिळा ठोकून टांगलं आणि सांगितलं, "आत्या, मला या खोलीत गेम सेंटर काढायचंय."

त्या वेळी एक नवीन गेम आला होता. डोंगरातून जीप पळवायची, वरून विमानं गोळे टाकतात, खाली दरी, सगळीकडं धूर. कारखान्यातली पोरं पाळी सुटली की मोटरसायकलीवर तिघं तिघं बसून तडक बारामतीला जायची, तो खेळायला. घरी बैलगाडी जुंपायला सांगितली की कंबर दुखायची, पण या जीपसाठी बारामती! वैशालीचं म्हणणं, तोच गेम आपल्या दारात चालला तर पोरं लांब कशाला जातील?

म्हणणं बरोबर होतं. अडचण एकच. त्या खोलीवर कांद्याचा वडिलोपार्जित हक्क होता.

तुझे आबा म्हणाले, "कांदा ठिवायचा कुठं? माझ्या डोक्यावर?"

वैशाली म्हणाली, "आबा, एकदा चालवून तर बघू द्या."

भाऊबंद बसलेले होते, त्यामुळं आबांना न्यायनिवाडा करायचा जोर आला. "ठरलं! पाडव्याला सगळ्या भावकीदेखत ती जीप पळाली, तर खोली सूनबाईची. न्हाय पळाली, तर दुसऱ्या दिशी आत कांदा. आन् ते सर्टिफिकेट कांद्याच्या वर टांगा, हवा लागंल त्याला!"

सगळे हसले. वैशाली हसली नाही. ती आत आली आणि उगीचच पुसलेला ओटा परत पुसायला लागली. तेव्हाच मी ठरवलं, ही जीप पळणार. नाही पळाली तर मी ढकलीन!

आता कॉम्प्युटर आणायला जायला हवी होती वैशालीच. पण तुझ्यामुळं डॉक्टरीणबाईंनी तिला एसटीचे धक्के बंद केलेले. तुझ्या बापाला कारखान्यातून सुट्टी नाही. मग मी म्हणाले, "मी जाते की."

घरातले सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडं बघायला लागले, गोठ्यातली जनावरंसुद्धा.

यात भिण्यासारखं काय होतं? माझं माहेर सांगवीचं, पूर्वीचं मेंढरांचं घर. कळपातल्या मेंढराच्या पाठीवरून हात फिरवला की त्याचं पोट भरतंय की नाही ते मी सांगायची. माझा भाऊ, तुझ्या बापाचा नामामामा, तो तर बैलबाजारात असा नावाजलेला, की लोक बैल सोडून त्याचंच तोंड बघायचे. जिथं जितं जनावर फसवू शकलं नाही, तिथं एक पत्र्याचं खोकं काय फसवणार?

वैशालीनं माझ्याकडून पाठ करून घेतलं. "आत्या, फक्त दोन गोष्टी. रॅम बत्तीस, आणि गेमसाठीचं वेगळं कार्ड. त्या कार्डाशिवाय हा गेम नीट पळत नाही. बाकी कसाही चालेल."

"रॅम बत्तीस. माणसाचे दात बत्तीस. विसरायचं कशाला?"

"आणि कार्ड, आत्या."

"कार्ड, कार्ड. लग्नाला गेलीय का मी, की कार्ड विसरीन!"

नामाला बरोबर घेऊन बारामतीच्या दुकानात पोचलो. दुकानदार तरुण, तालुक्यातलाच, कपाळाला गंध आणि गळ्यात टाय. त्यानं दोन कॉम्प्युटर पुढं मांडले. एक बारका, गप्प, अंग चोरून बसलेला. दुसरा म्हणजे कपाटच! चालू केला की पंखा असा घोंघावायचा, की दुकानातली कॅलेंडरं हलायला लागली.

नामानं आधी दोघांना प्रदक्षिणा घातली. मग मागून वाकून बघितलं. (मागून बघितल्याशिवाय जनावर कळत नाही, हा त्याचा नियम.) मग मोठ्याच्या पाठीवर एक थाप मारली. दुकानदार दचकला, कॉम्प्युटर दचकला नाही.

"आक्का, हाडापेरानं दणकट हाय बघ."

मी दोन्ही उचलून बघितले. बारका हातात नुसता आला. मोठा जमिनीवरून सुटेना. "हाच," मी म्हणाले. "याच्या अंगात काहीतरी हाय."

"मावशी, वजनाचा काही संबंध नसतो हो," दुकानदार म्हणाला.

"संबंध नसता तर येवढं जड करतील कशाला?" नामानं विचारलं. टाय सरळ करून दुकानदार म्हणाला, "बरं, गेमचं कार्ड टाकून देतो. आणि मावशी, रॅम किती टाकू?"

मी "बत्तीस" म्हणायला तोंड उघडलं आणि नामानं माझ्या पायावर पाय दिला. दारात बाळू उभा होता! आपल्याच भावकीतला बाळू, आणि त्यालाही गावात स्टँडजवळ गेम सेंटरच काढायचं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक. तो पंखे बघायला आल्यासारखं दाखवत होता, पण कान आमच्याकडं! आता याच्यासमोर आकडा बोलायचा म्हणजे आपला बैल कोणत्या बाजूनं मारका आहे ते शर्यतीआधी सांगण्यासारखं झालं.

पण माझा भाऊ काय साधा होता? बैलबाजारात आकडा तोंडानं बोलतच नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, आत एकमेकांची बोटं धरायची, आणि सगळा सौदा मुक्यानं. शेजारी उभ्या माणसालासुद्धा कळत नाही. नामानं खांद्यावरचा रुमाल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. आधी तीन बोटं दाबली. मग दोन. तिसावर दोन, बत्तीस!

दुकानदाराचा चेहरा आधी लाल झाला. मग तो विचारात पडला. मग त्यानं छताकडं बघून काहीतरी हिशेब केला, खालच्या आवाजात म्हणाला, "जमेल मामा. पण मग त्याप्रमाणे करावं लागेल."

"त्याप्रमाणंच करा," नामा म्हणाला.

मी म्हटलं, "शब्द न बोलता काम झालं! शिकलेला असून समजूतदार हाय पोरगा."

आणि ऐक पुढं. आत जाऊन त्यानं खटपट केली, बिल आणलं, तर आधी सांगितलेल्यापेक्षा किंमत चांगली उतरलेली! आम्ही मागितलं नाही, तोंडातून ब्र काढला नाही, आणि तरी उतरलेली! बाहेर आल्यावर मी नामाला म्हणाले, "वजनानं घाबरला बघ. जाणतं गिऱ्हाईक आलंय म्हणून आपणहून कमी केले."

नामानं नुसत्या मिशा वर केल्या.

टेम्पोत घोंगडी अंथरून त्यावर कॉम्प्युटर निजवून आणला. दारात मी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. नामानं कपाळावर कुंकू लावलं. (कपाळ कुठलं, म्हणून जिथं बटण होतं तिथं लावलं. पुढं कित्येक दिवस कॉम्प्युटर चालू करणाऱ्याचं बोट लाल व्हायचं.) वैशाली म्हणाली, "आत्या, उघडून बघू का?" मी म्हणाले, "अगं, नव्या जनावराला आल्या आल्या कुणी चिरतं का? पाडव्यालाच चालू करू, मुहूर्तावर."

पाडवा उजाडला. दारात गुढी, खोलीत भावकी, खिडकीला पोरं लटकलेली. बाळू पुढच्या रांगेत. आबा खुर्चीत, आणि खुर्चीमागं भिंतीला त्यांनी कांद्याची रिकामी पोती घडी घालून आणून ठेवलेली! वैशालीनं हात जोडून मैत्रिणीकडून आणलेली गेमची तबकडी आत सरकवली. धूर आला, विमान आलं, आणि डोंगरात जीप उभी राहिली.

उभीच राहिली.

मग बऱ्याच वेळानं तिचं एक चाक पुढं गेलं. मग थांबून जणू तिनं विचार केला, आणि दुसरं चाक आलं. वरून गोळा सुटला तो हवेतच लटकला, लिंबासारखा. डोंगर तर सगळा चौकोन चौकोन झालेला, चिक्की फोडल्यासारखा!

"पंक्चर हाय का?" मागून कुणीतरी विचारलं.

"डिझेल संपलं असंल," बाळू म्हणाला. "आमच्यात एक म्हैस इकायची हाय, ती जुपा हिला!"

आबांनी हात मागं नेऊन एक पोतं उचललं. झटकलं. सगळ्या खोलीत कांद्याची साल उडाली आणि एक नेमकी सर्टिफिकेटवर जाऊन बसली. वैशालीनं ते बघितलं. पदर खोचला, पेचकस घेतला आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडलं.

रेणू, आत मांजर व्याली असती, एवढी मोकळी जागा! माझ्या निवडीचं सगळं वजन पत्र्याचं होतं.

"आत्या," वैशाली हळूच म्हणाली, "कार्डच नाहीय. आणि रॅमही सोळाच दिसतेय."

"असं कसं? नामानं रुमालाखाली बत्तीस ठरवली की!"

"रुमालाखाली?"

मी शेजारच्यांच्या फोनकडं पळाले. दुकानदार फोनवर इतका आदबीनं बोलला, की मला भिंतीला टेकावं लागलं. "मावशी, रुमालाखाली भावच करतात ना? आमच्या चुलत्यांना बघितलंय मी. मामांनी तीन-दोन बोटं दाबली, म्हणजे बत्तीसशे कमी करा. एवढे मी कुठून कमी करणार? म्हणून कार्ड काढलं, रॅम निम्मी केली आणि बसवलं गणित. मी म्हटलं की, त्याप्रमाणे करावं लागेल!"

म्हणजे बाजारात साऱ्या जन्मात एकदाही न चुकलेला माझा भाऊ, तोंड न उघडता, जीपचं इंजिन काढून ठेवून आला होता. आणि मी शेजारी उभी राहून कौतुक करत होते!

परत आले तर नामा खोलीत नव्हता. गुढीमागं उभा राहून तो तांब्या सरळ आहे का ते बघत होता. आबा पोती मोजायला... पण खोलीत आवाज कसला? पोरं ओरडत होती, "पळाली! पळाली!"

वैशालीनं झाकण बंद करून गेममध्ये कुठंतरी जाऊन चित्र बारीक केलं होतं. बारीक म्हणजे किती? एवढ्या मोठ्या पडद्याच्या मधोमध काडेपेटीएवढं! पण त्या काडेपेटीत जीप पळत होती. डोंगर पळत होता. गोळे पडत होते, मुंगीएवढे, पण पडत होते! सगळी भावकी एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून त्या काडेपेटीत बघत होती.

"आबा, जीप पळाली पाहिजे एवढंच ठरलं होतं," वैशाली म्हणाली. "केवढी, ते ठरलं नव्हतं."

आबांनी चष्मा वर केला, खाली केला, नाक पडद्याला लावलं. "सरक जरा," म्हणाले. "दरीकडं कशाला नेतीस? आन् हिकडं." आणि बटणावर जे बोट ठेवलं ते जेवायला हाक मारली तरी उचललं नाही. बाळू तर श्रीखंड-पुरी सोडून त्यांच्या मागं नंबर लावून बसला! कार्ड आणि रॅम नामानं पुढच्याच आठवड्यात स्वतः जाऊन आणली. या खेपेला आकडा त्यानं दुकानात शिरायच्या आधी, रस्त्यावरूनच ओरडून सांगितला.

खोली तुझ्या आईला मिळाली. तिचं सेंटर किती चाललं ते तुला ठाऊकच आहे, त्याच कमाईच्या जोरावर तू शिकलीस. सर्टिफिकेट अजून त्याच खिळ्याला आहे. आता तू विचारशील, मग कांदा कुठं गेला? मीही तेच विचारलं होतं. आबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "जिनं कॉम्प्युटर निवडला, तिच्या खोलीत." त्या उन्हाळ्यात मी कांद्याच्या ढिगाला पाठ लावून झोपले, आणि सकाळी डोळे पुसत बाहेर आले की बायका म्हणायच्या, सासू सुनेच्या काळजीनं रडते हो!

तर रेणू, आता रुसवा पुरे. या पाडव्याला ये. नाहीतर त्याच्या आधीच ये, पाडव्याला माझ्या गुडघ्यांचा काय भरवसा. आणि येताना तुझा तो दिव्यांचा कॉम्प्युटरही घेऊन ये गाडीत घालून. पाठीवर थाप मारणार नाही, कुंकू लावणार नाही, नामामामाला बोलावणार नाही. मी लांबूनच बघीन.

फक्त एकदा उचलून बघीन.