प्रस्तावावरचं पहिलं नाव

“सफाईचा ब्लॉक? वा भिया, घरची विद्या थेट सी भाषेत आणली!”

सर म्हणाले. मीटिंगमधले सहाही जण हसले. मी फळ्यासमोर, हातात मार्कर. माझी आई नगर निगममध्ये झाडूवाली होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. सरांचे पणजोबा दरबारच्या कचेरीत मोठे अंमलदार होते, तेही ठाऊक. कारण सर ते दर आठवड्याला सांगतात.

मीही हसलो. तेच आजवर सलतंय.

आमची कंपनी पोत्यांत धान्य भरायच्या मशिनी बनवते. आतला प्रोग्राम सी या कॉम्प्युटरच्या भाषेत. मी कॉलेज पाहिलेलं नाही. जुनी इंदूर भागातल्या एका दुकानात इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करता करता सी शिकलो. एकदा देपालपुरला मशीन बिघडलं, मला पाठवलं. पोतं भरून वाहत होतं, मी घोट्यापर्यंत सोयाबीनमध्ये उभा. चूक साधी. प्रोग्रामने झडप उघडली, पुढे सेन्सरची गडबड दिसली, म्हणून तो मधूनच बाहेर पडला. झडप बंद करायची ओळ खाली तळाशी तशीच राहिली.

सीमध्ये असा सफाईचा ब्लॉक हवा, मला वाटलं, जो झडप उघडतानाच लिहून ठेवायचा. मग कुठूनही बाहेर पडा, तो चालल्याशिवाय सुटका नाही. दुसऱ्या काही भाषांत असं आहे. सीमध्ये ते कसं बसेल? असे दोन ब्लॉक असले तर आधी कुठला चालेल? कित्येक रविवार यातच गेले. बावीस पानांचा प्रस्ताव झाला. तोच मी त्या मीटिंगमध्ये मांडत होतो, प्रत सरांना दिली होती.

त्या हसण्यानंतर पंधरा दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

“तो प्रस्ताव सी भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीकडे पाठवतोय. तिथले एक सभासद माझ्या ओळखीचे आहेत, ते मांडतील.”

तीच बावीस पानं. सोयाबीनचं उदाहरणसुद्धा. वर नाव एकच, सरांचं.

“शेवटी तुझे आभार मानलेत.”

मी तापट माणूस. पण सौद्याला बसलो की डोकं गार ठेवतो.

“पहिलं नाव माझं, सर. दुसरं तुमचं.”

“तुला तिकडे कोण ओळखतं?”

“मग दुसरं माझं.”

“अरे, तिथे डिग्री बघतात. चल, आभार पहिल्या पानावर घेऊ. मोठ्या अक्षरात.”

“आणि उदाहरणाखाली माझा उल्लेख?”

“अब आया ना लाइन पे!” सर खूश झाले. कचोरीची प्लेट माझ्याकडे सरकवली.

तेव्हा चटका बसला. मी काय करत होतो? आजवर प्रत्येक सौद्यात मी समोरच्याला खाली आणलं. इथे मीच एकेक पायरी उतरत होतो, आणि माल माझा होता. हसलो होतो तसाच उतरत होतो.

प्लेट परत सरकवली.

“आभारातून माझं नाव काढा. वरून तुमचंही काढा. प्रस्ताव मी पाठवणार.”

“नोकरी कंपनीची, कागद कंपनीचा.”

“कागद रविवारचा. घरच्या कॉम्प्युटरवर एकेक मसुदा तारखेसकट पडलाय. दाखवू?”

सर म्हणाले, “तुझ्यासारख्याला मांडणारा सभासद मिळायचा नाही.”

“तुमच्यासारखा नकोच आहे.”

तीन सभासदांना लिहिलं. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने विचारलंय, प्रोग्रामने बाहेरून थेट या ब्लॉकच्या आत उडी मारली तर? प्रश्न अवघड आहे. मी त्यावरच बसलोय. ऑफिसात सर माझ्याशी बोलत नाहीत, मीटिंगला बोलावत नाहीत. नोकरी किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

आजवर मी आडनाव एका अक्षरात लिहीत होतो, पुढे टिंब. कुणी विचारू नये म्हणून. प्रस्तावावर ते पूर्ण लिहिलंय, सगळ्यात वर. समितीने नाकारायचं तर नाकारावं. पण ते वाचून नाकारावं लागेल.