चौकटीतलं सोडून द्या

शिवगंगा कुठेही बसली की डाव्या हाताने उजवं मनगट दाबत राहते. बावीस वर्षं माऊस धरून ते दुखायला लागलंय. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो तिच्या पिशवीतच असतो. पट्टा बांधला की माऊस नीट फिरत नाही, म्हणून कामावर तो बांधता येत नाही, आणि घरी भाकरी थापताना तर नाहीच.

लातूरच्या एमआयडीसीत शेतीची यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे. तिथे ती माहितीपुस्तिका तयार करते. कडब्याची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे करायचं मशीन घ्या, मळणी यंत्र घ्या, नाहीतर फवारणीचा पंप, त्याच्या खोक्यात जी सोळा पानी पुस्तिका निघते ती तिच्या हातची. इंजिनिअर लोक इंग्रजीत कागद देतात. त्याचं मराठी करायचं, चित्रं बसवायची, पायऱ्यांना आकडे द्यायचे आणि अधूनमधून महत्त्वाचा मजकूर चौकटीत टाकायचा. कारखान्यात हे काम येणारी ती एकटीच. हजेरीपटावर तिच्या नावापुढे अजूनही 'टायपिस्ट' असंच आहे.

मी नायगावच्या शाळेत शिकवत असताना ती माझ्या वर्गात होती. बारीक अक्षर, सरळ ओळी. समास सोड म्हणून तिला कधी सांगावं लागलं नाही. बारावीनंतर नांदेडला वजिराबादेतल्या एका दुकानात ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायला बसू लागली, आणि लग्न होऊन लातूरला गेल्यावर या कारखान्यात लागली. नवरा मन्मथ एसटीत कंडक्टर आहे. दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. तिची आई नायगावलाच असते, त्यामुळे दोन महिन्यांतून एकदा ती नांदेडवरून जाते आणि जाता जाता माझ्याकडे चहाला थांबते.

चौकटींबद्दल मला जे कळतं ते या चहाच्या वेळचं. चौकटी चार प्रकारच्या. टीप वाचली तर बरं. सूचना वाचावी. खबरदारी वाचली नाही तर यंत्र बिघडतं. धोका वाचला नाही तर माणूस. हे सांगताना 'माणूस' शब्दावर ती थांबली होती, पुढचं क्रियापद तिने घेतलं नव्हतं. धोक्याची रेघ जाड, बाकीच्यांची बारीक. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, कारण पुस्तिका संपल्या की दुकानदार गिऱ्हाइकाला झेरॉक्स काढून देतो, आणि झेरॉक्समध्ये लाल काय नि पिवळं काय, सगळं सारखंच राखाडी. चौकट ज्या पायरीसाठी असेल त्या पायरीच्या आधी यायला हवी. अर्धी या पानावर, अर्धी त्या पानावर असं होता कामा नये. वर दोन ओळी वाढल्या की खालची चौकट घसरून भलतीकडे जाते. एकदा 'यंत्राच्या तोंडात हात घालू नका' ही चौकट घसरत घसरत ऑइल बदलायच्या पानावर जाऊन बसली होती. छपाईला जायच्या आदल्या दिवशी तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून शेवटची तपासणी ती पडद्यावर करत नाही. कागद काढून, हातात धरून, बोट फिरवून करते.

तिचा खरा शीण मात्र माणसांचा होता. ज्याला त्याला आपली ओळ चौकटीत हवी असायची. मालकांचे चिरंजीव श्रीनाथ आता कारखाना बघतात. माणूस वाईट नाही, पण उभ्या उभ्या कामं सांगतो.

"मॅडम, हे बी चौकटीत घ्या."

"सर, या पानावर आधीच तीन आहेत."

"चौथी घ्या. महत्त्वाचं हाय ना."

"मग बिनमहत्त्वाचं कोणतं, ते तरी सांगा. तेवढंच बाहेर ठेवते."

श्रीनाथ हसून निघून जायचे आणि चौथी चौकट व्हायचीच. अशा करत करत कुट्टी मशीनच्या सोळा पानांत एकतीस चौकटी झाल्या.

गेल्या मार्चमध्ये श्रीनाथांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. एका शेतकऱ्याची बोटं कुट्टी मशीनमध्ये गेली होती. मशीन चालू असताना लाइट गेली. तोंडात कडबा अडकला होता, तो काढायला त्याने हात घातला, आणि लाइट आली. बटण चालूच होतं. घरच्यांनी विचारणा केली होती की असं होऊ शकतं हे कंपनीनं सांगितलं का नाही.

"पान अकरा काढा," श्रीनाथ म्हणाले.

शिवगंगाने पान अकरा काढलं. जाड रेघेची चौकट, वर 'धोका', आणि आत: वीज गेल्याने यंत्र थांबले असेल तर ते बंद आहे असे समजू नये. प्लगची पिन काढल्याशिवाय तोंडात हात घालू नये. चौकट होती तिथेच होती, अडकलेला कडबा काढायच्या पायरीच्या अगदी वर.

"झालं तर मग," श्रीनाथांनी सुस्कारा सोडला. "रंगीत प्रिंट काढा याची. उत्तरासोबत लावू. चौकट होती म्हणून वाचलो आपण."

प्रिंट लिफाफ्यात घालताना तिने पत्ता वाचला. गाव नायगाव तालुक्यातलं होतं. संध्याकाळी तिचा मला फोन आला.

"सर, भागवत नावाचा मुलगा होता का तुमच्याकडे? आता तीस-बत्तीसचा असेल."

होता. मागच्या बाकावरचा, उंच, गणितात बरा. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याला भेटायचंय. कारखान्याकडून नाही, माझी मी. तुम्ही येता का?"

रविवारी आम्ही बसने गेलो. भागवत ओसरीवर खुर्चीत बसला होता. उजव्या हाताला पट्टी. दोन बोटं मुळापासून गेली होती, तिसऱ्याचं पेर. त्याची बायको सिंधु पाणी घेऊन आली. मी शिवगंगाची ओळख करून दिली तेव्हा तिने तांब्या जरा जोरातच ठेवला.

"कंपनीच्या व्हय तुम्ही? बघायला आलात का खरंच तुटली म्हणून?"

"न्हाई हो ताई," शिवगंगा म्हणाली. "ते पुस्तक मी लिवते. ते घरात हाय का, तेवढं बघायचं होतं."

माझ्याशी बोलताना ती शाळेतली मराठी बोलते. तिथे तिची भाषा आपोआप गावाकडे वळली.

पुस्तिका होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, मीटरच्या पेटीवर जपून ठेवलेली. भागवतने डाव्या हाताने पानं उलटली. प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलीची बारीक खूण होती.

"हे कुणी केलं?"

"मीच. मशीन आलं त्या दिशी मी वाचून राहिलो आन् हिनं नट धरले. एक झालं की खूण. सगळं वाचलं मी. लोकं वाचत न्हाईत, मी वाचलं."

शिवगंगाने पान अकरा उघडून त्याच्यापुढे धरलं. "हे वाचून दाखवता का?"

त्याने वाचलं. सातवी पायरी वाचली, आठवी वाचली. मधली चौकट त्याच्या डोळ्याला लागलीच नाही. खडा चुकवून पाय पुढे टाकावा तशी त्याची नजर तिच्यावरून पुढे गेली.

"आन् ही चौकट?" तिने बोट ठेवलं.

"ती? चौकटीतलं सोडून द्यायचं असतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात, साक्ष काढावी तसं तो म्हणाला, "सरांनीच सांगितलंय की. चौकट परीक्षेला येत न्हाई."

मी सांगितलं होतं. दरवर्षी सांगत होतो. वर्गात चौपन्न मुलं, मध्येच निवडणुकीची कामं, फेब्रुवारी उजाडला तरी निम्मे धडे बाकी. पुस्तकात रंगीत चौकटी असत, त्यांत जादाची माहिती असे. पेन्सिलीने फुली मारून घ्यायचो मी त्यांच्यावर. मुलं खूश व्हायची. तेवढंच कमी वाचायचं.

शिवगंगा म्हणाली, "आमच्या वेळी पुस्तकात चौकटी नव्हत्याच, सर." ती मला सावरायला म्हणाली की स्वतःला समजवायला, कळलं नाही. सिंधुने पुस्तिका हातात घेऊन ती चौकट पहिल्यांदाच वाचली, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग चहा टाकायला आत गेली.

परतीच्या बसमधून नांदेडला उतरताना ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी, बारा तारखेला नवीन तीन हजार छपाईला जाणार आहेत. तीच पानं. तेवढं पान अकरा तरी बदलायला पाहिजे." दिवाळीनंतर नाही, पुढच्या वर्षी नाही, त्या तीन हजारांच्या आत. आठ दिवस होते.

श्रीनाथांना तिने चारदा सांगितलं. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा म्हणाले, तपासणीला येणाऱ्या माणसाच्या यादीत धोक्याला चौकट लागतेच. तिसऱ्यांदा जरा चिडले.

"मॅडम, जी गोष्ट आपल्याला वाचवून राहिली तीच काढा म्हणता?"

"काढा नाही म्हणत. आकड्यात घ्या म्हणते. पायरी म्हणून. लोक आकडे वाचतात, सर."

"एका माणसानं वाचली नाही, त्याच्यावरून?"

चौथ्यांदा ती बोललीच नाही. चार पुस्तिका घेतल्या आणि श्रीनाथांना म्हणाली, पाच मिनिटं पॅकिंगमध्ये चला. तिथे खोकी बांधणारी चार माणसं होती. तिने एकेकाला पान अकरा मोठ्यानं वाचायला लावलं. तिघं पंचविशीच्या आतबाहेरचे. तिघांनीही सातवी वाचली, आठवी वाचली. चौथे दगडोबा, पन्नाशी उलटलेले, सहावी शिकलेले. ते प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचतात. त्यांनी चौकट वाचली.

"बघा, वाचली की काकांनी," श्रीनाथ म्हणाले.

"ते थांबवलं नाही तर पानाचा आकडा बी वाचतील, सर."

पोरं हसली. दगडोबाही हसले आणि म्हणाले, "वाचतो मंग. छापलंय कशाला?"

श्रीनाथांनी त्या तिघांकडे पाहिलं. त्यांतला एक त्यांच्याच भावकीतला होता, बी.ए. झालेला. "ह्याला तर इंग्रजी बी येते," असं काहीतरी ते पुटपुटले. मग म्हणाले, "ठीक हाय. पायरी बी घ्या आणि चौकट बी राहू द्या. पण पान वाढवू नका. सोळाच."

पान न वाढवता ओळी वाढवायच्या म्हणजे बाकीचं कमी करायचं. मालकांचा फोटो आणि मनोगत एक पान खात होतं. ते सुचवायच्या आधीच श्रीनाथ नाही म्हणाले. तेव्हा उरलेल्या चौकटी काढायला लागल्या. एकतीस चौकटी म्हणजे एकतीस माणसांची मनं. रंग करणाऱ्या विभागाची टीप गेली, स्टोअरची सूचना गेली, श्रीनाथांनी उभ्या उभ्या सांगितलेल्या सातांपैकी सहा गेल्या. प्रत्येकाकडे जाऊन विचारायचं, समजवायचं, परत येऊन घसरलेलं पान सावरायचं. पट्टा तिने त्या आठवड्यात डबा खातानासुद्धा बांधला. शनिवारी दुपारी पाच चौकटी उरल्या आणि पान अकरावर आठवी पायरी आली. साधी, बाकीच्यांसारखीच, आकडा घालून: लाइट गेली असली तरी आधी प्लगची पिन काढा आणि ती आपल्या खिशात ठेवा.

'वीज' खोडून तिने 'लाइट' केलं होतं. इंजिनिअरने ते परत 'वीज' केलं, तिने परत 'लाइट' केलं. शेवटी तोच कंटाळला.

मे महिन्यात ती छापलेल्या दोन प्रती घेऊन आली. एक मला दिली. दुसरी द्यायला आम्ही परत भागवतकडे गेलो. जखम भरली होती. कंपनीचं उत्तर अजून धड आलेलं नव्हतं, त्याबद्दल त्याने विचारलं आणि शिवगंगाने खरं ते सांगितलं, की ते तिच्या हातात नाही. त्याने मान हलवली. मशीन आता सिंधु चालवते. म्हणून पुस्तिका त्याने तिच्याकडे दिली आणि पान अकरा वाच म्हणाला.

तिने सातवी वाचली. आठवी वाचली. वाचून झाल्यावर तिथेच थांबली.

"खिशात?" ती शिवगंगाला म्हणाली. "साडीला खिसा कुठं असतो, ताई? आमच्याकडं कुट्टी जास्त करून बायाच करतात. आसपास चार घरं विचारून या."

शिवगंगाने पुस्तिका परत घेतली. तीन हजार प्रती केव्हाच खोक्यांत गेल्या होत्या.

"मग काय लिवू?" तिने विचारलं.

"कमरेला खोचा म्हणावं," सिंधु म्हणाली. "न्हाईतर पिन काढून वायर बाजेवर आणून टाका म्हणावं. डोळ्यापुढं राहते."

"वायर लांबवली तर येते का बाजेपस्तोर?"

"येते की. मोजा."

भागवत उठला आणि वायर कुठवर येते ते दाखवायला गोठ्याकडे निघाला. शिवगंगाने पिशवीतून पेन काढला, पुस्तिकेच्या समासात काहीतरी लिहिलं, आणि मनगट दाबत त्याच्या मागे गेली.