तरंगत्या गावाचे थर

तोन्ले साप सरोवरावरच्या तरंगत्या गावात थावरीची भाजीची होडी दारोदार फिरायची. कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाचा ताप उतरत नाही, हे तिला फिरता फिरता कळायचंच. म्हणून आरोग्य केंद्राने गावाचा नकाशा करायचं काम तिच्यावर सोपवलं आणि शिकायला तिला शहरात पाठवलं.

शिकवणारा पिसेत तिच्या मुलाच्या वयाचा होता. तो तिला 'मिंग' म्हणे, आपल्याकडे मावशी म्हणावं तसं. वल्हं मारून घट्टे पडलेल्या तिच्या हातात माउस काही ठरेना. तिने त्याचं चाक फिरवलं, तर सरोवर आधी बशीएवढं झालं, मग नखाएवढं, आणि शेवटी पडदा नुसता पांढरा. आपण काहीतरी मोडलं, असं वाटून तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"नकाशा कुठे गेला नाही, मिंग," पिसेत म्हणाला, "तुम्हीच लांब गेलात. या परत."

परत कसं यायचं ते ती शिकली. घरासाठी ठिपका द्यायला, ठिपक्याला घरधन्याचं नाव लावायला शिकली. थर म्हणजे काय, तेही हळूहळू डोक्यात शिरलं: पारदर्शक कागदासारखा, हवा तेव्हा पसरायचा, नको तेव्हा उचलून ठेवायचा. गावी येऊन तिने होडीतून फिरत एकेक घर नोंदवलं आणि सगळं गाव मांडलं.

पावसाळ्यात पाणी चढलं. दरवर्षीप्रमाणे लोकांनी घरं ओढून बुडालेल्या रानाच्या आडोशाला नेली. लस घेऊन आलेली नर्स नकाशाच्या भरवशावर जुन्या जागी गेली, तर तिथे ऊन आणि पाणी. शेवटी कुत्र्यांच्या भुंकण्यावरून तिने गाव शोधून काढलं. थावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरं हलतात हे तिला जन्मापासून ठाऊक, पण ठिपके देण्याच्या नादात ती जमिनीवरच्या माणसांसारखा नकाशा करून बसली होती. नवरा, रिन, पुढे कितीतरी दिवस जेवायची वेळ झाली की विचारायचा, "नकाशात बघून सांग, आपलं घर कुठेशी आहे?"

पिसेतने फोनवर सांगितलं, जुनं पुसू नका, नवा थर करा. तिने चढत्या पाण्याचा थर केला, पाणी ओसरल्यावर आणखी एक, पुढच्या पावसाळ्यात आणखी एक. नर्स आता ऋतू बघून थर निवडू लागली.

एका दुपारी थावरीने सहज सगळे थर एकावर एक पसरले. बहुतेक घरं हलली तरी शेजार तोच होता. तिच्या आणि थोरल्या बहिणीच्या, सोखोमच्या, ठिपक्यांचं मात्र तसं नव्हतं. पहिल्या थरात दोघी लागून होत्या. मग मध्ये एक घर आलं, मग आणखी काही. आता सोखोम पार गावाच्या त्या टोकाला होती.

भांडण कधीच झालं नव्हतं. रिनला घर ओढून बाजाराजवळ नेणं सोयीचं पडलं. सोखोमचा नवरा वारल्यापासून तिला घर ओढायला कुणाची तरी मोटारहोडी मागावी लागे, तोवर जवळच्या जागा भरून जात. थावरी भाजी घेऊन तिच्या दाराशी जायची, जुडी हातात द्यायची, पुढे निघायची. त्यामुळे काही सुटत चाललंय, हे जाणवलंच नव्हतं.

पाणी उतरू लागलं, तसं तिने रिनला सांगितलं, या खेपेला आधी सोखोमचं घर ओढायचं. तो डिझेलवरून कुरकुरला. मग तिने दाखवलेल्या पडद्याकडे बघत राहिला आणि उठून दोरखंड तपासायला गेला.

ते पोचले तेव्हा सोखोम पुढच्या फळ्यांवर बसून मासे साफ करत होती.

"कुठे नेताय मला?"

"माझ्या शेजारी, बोंग." थोरलीला ती लहानपणापासून असंच म्हणे.

"नकाशाने हुकूम सोडला वाटतं?"

"नकाशात तू फार लांब दिसतेस."

माशांची टोपली आत सरकवून सोखोम स्वतःच दोर सोडायला लागली.

नवा थर पाठवल्यावर पिसेतचा फोन आला. एका जागी दोन ठिपके एकमेकांवर चढलेत, चुकून दोनदा पडला असेल तर एक पुसू का, असं तो विचारत होता. थावरीने त्याला सांगितलं, दोन्ही घरं खरी आहेत, राहू दे. मग फोन ठेवून तिने पलीकडच्या फळीवरून सोखोमने पुढे केलेलं आमटीचं भांडं दोन्ही हातांनी घेतलं.