दहा बोटांची अक्कल

माझ्याकडे विज्ञानमालिकांच्या अकरा कल्पना धूळ खात पडल्यात. एकीत त्र्यंबकच्या डोंगरात यान उतरतं, एकीत मेंदू भाड्याने मिळतात. चॅनेलवाले दरवेळी एकच विचारतात, "यात सासू कुठंय?" आता बोला! जाऊ द्या, पोट भरायला कचेरीतली कारकुनी आहे.

माझा खरा संताप वेगळाच आहे. मुलगी दहावी पास झाली. सहावीपासून गच्चीत दुर्बीण लावून बसणारी पोर, सायन्सच घेणार हे ठरलेलं. तेवढ्यात बायकोला कुणीतरी गंगापूर रोडवरच्या एका क्लासचा पत्ता दिला. तिथे म्हणे दहा बोटांचे ठसे घेऊन बुद्धी मोजतात. अहो, बुद्धी काय बोटांच्या टोकाला असते? मी कोकलून सांगितलं, पण घरात माझं ऐकतो कोण! गेल्या दोघी. चाळीस पानी रंगीत रिपोर्ट आला: सायन्स झेपणार नाही, कॉमर्स उत्तम. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

पोरीने तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला. संध्याकाळी गच्चीवर जायची बंद झाली. मला ते बघवेना.

म्हटलं, यांचं पितळ उघडंच पाडतो. हाफ डे टाकून गेलो आणि माझीच बोटं दिली. चार दिवसांनी रिपोर्ट हातात पडला आणि मी तिथेच हसत सुटलो. 'कल्पनाशक्ती अत्यल्प. लेखनाच्या वाटेला जाऊ नये.' म्हणे अत्यल्प! डोंगरात यानं उतरवतो मी, यान!

घरी येऊन मायलेकींसमोर तो कागद आपटला. "घ्या, वाचा! आता तरी पटलं ना, सगळी थापेबाजी आहे ती?"

दोघींनी वाचलं. बायको स्वयंपाकघरात गेली. मुलीने कागद उचलून पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाली, "पप्पा, पण हे तर बरोबरच आलंय ना? तुमची एकही मालिका कुणी घेतली नाही."

इतका राग आलेला, पण काढायचा कुणावर? तिने मोबाईलवर अकरावीचा फॉर्म उघडला आणि माझ्या डोळ्यांदेखत कॉमर्स टाकलं.

वर माझीच समजूत काढायला लागली, "वाईट नका वाटून घेऊ पप्पा. तुमच्यावरच गेलेय मी."