पळणाऱ्यांची यादी

बाजारात कुणी 'भाव पळतोय' म्हणालं, की मला आजही तो अर्ज आठवतो. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष.

सकाळची हजेरी उरकली होती. ठाणे अंमलदार हवालदार फोन ठेवून आत आले. "साहेब, खबर आहे. कबनूरचा एक पोरगा रोज पळणाऱ्यांची यादी काढतोय म्हणे."

पोलीस ठाण्यात 'पळणारा' म्हणजे फरार आरोपी, नाहीतर घरातून निघून गेलेलं जोडपं. मी दोन्ही शक्यता धरल्या आणि फोन करणाऱ्याला बोलावून घेतलं.

तो शिरोली एमआयडीसीत भट्टीवर काम करणारा, तिशीतला माणूस होता. यादी माणसांची नव्हतीच. ती होती क्रिप्टो या आभासी चलनाच्या वायद्यांची. वायदा म्हणजे चलन हातात न घेता त्याच्या भावावर लावलेली पैज. बाजारातले सगळे वायदे तपासून सर्वांत वेगाने हलणारे वर आणून ठेवणारं सॉफ्टवेअर त्याच्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, तयार केलं होतं. यादीतला पहिलाच वायदा बघून याने भाव चढेल म्हणून पैसे लावले. भाव कोसळला आणि घरची साठवण गेली.

"फसवणुकीचा गुन्हा घाला साहेब. त्याला आत घातल्याबिगर बायकोला म्हायेरला पाठवणार न्हाय."

"बायकोचं काय मध्येच?"

"सातवा सरलाय. पयलं बाळंतपण हाय." हे सांगताना त्याचा आवाज उतरला.

चिडलेला माणूस आवाज चढवतो. ज्याचा आवाज उतरतो, त्याची माया अजून शिल्लक असते. गुन्हा लगेच दाखल न करता मी अर्ज चौकशीवर ठेवला. चौकशीचे माझे तीन प्रश्न ठरलेले असत: कुणी, काय आणि कशासाठी. फसवणुकीत तिसरा मोठा, कारण फसवायचा हेतू सुरुवातीपासून असावा लागतो.

नोटीस मिळाली तसा मेव्हणा दुसऱ्याच दिवशी हजर झाला. बाहेरच्या बाकावर त्याची बहीण आणि दाजी बसले होते.

"दाजी, जेवलासा का?"

"तुझ्या यादीनं पोट भरलंय माझं!"

मी त्याला एकट्याला आत घेतलं. सॉफ्टवेअरचे पैसे घेतलेस? नाही. कुणी व्यवहार केला की तुला दलाली मिळते? नाही. बँकेचे उतारे आणि मोबाइल तपासला. खरंच काही नव्हतं.

"स्वतः किती लावलेस?"

"काय न्हाय."

"का? दाजीला पुढं केलंस?"

"न्हाय साहेब. मला लावायचं नव्हतं, बघायचं होतं. घरात यंत्रमाग हायेत आमच्या. कुठला अडकला, कुठला पळतोय, हे बघतच मोठा झालोय. त्याचीच सवय."

मग मी दाजीला आत बोलावलं आणि मोबाइल टेबलावर ठेवला. वर मराठीत मथळा होता, 'पळणारे'. त्याखालची पहिली ओळ तांबडी होती.

"हे तांबडं काय?" मी विचारलं.

"पडतंय साहेब. जोरात."

"मग सगळ्यांच्या वर कसं?"

"जोरात पडतंय म्हणूनच वर. पळतंय की ते."

दाजी खुर्चीतून उठलाच. "पळतंय म्हंजे चढतंय की रं! गुळाचा भाव पळाला म्हंजे खाली गेला व्हय?"

"आन् माग पळतोय म्हंजे माडीवर चढतोय व्हय, दाजी?"

"आमच्यात पळाला म्हणजे सापडत नाही," हवालदार दारातून म्हणाले.

मी दाजीला विचारलं, "तांबडं बघून शंका नाही आली?"

"भट्टीवर असतोय साहेब. तांबडं म्हंजे तापलेलं. काम सुरू करायचं."

एवढ्यात बहीण आत आली. "एक म्हणतोय पळतंय, एक म्हणतोय चढतंय. माझी पिशवी भरून ठेवलीया. कुणासंगं जायचं, तेवढं सांगा."

दाजीने मोबाइल मेव्हण्याकडे सरकवला. मग म्हणाला, "फाडून टाका साहेब तो अर्ज."

"सरकारी कागद फाडता येत नाही. तक्रार नाही असा जबाब दे."

त्याने जबाब दिला. गेलेले पैसे काही परत येणार नव्हते. न समजलेल्या धंद्यात पुन्हा हात घालू नकोस, असं मी त्याला सक्त बजावलं. मेव्हण्यालाही खडसावलं. त्याच आठवड्यात त्याने यादीचे दोन भाग केले, 'चढणारे' आणि 'पडणारे', आणि मला आणून दाखवले. बहीण मात्र जबाब झाला त्याच दुपारी दोघांच्या मध्ये बसून रिक्षाने कबनूरला गेली. पिशवी दाजीच्या मांडीवर होती.

हे प्रकरण मी सायबर शाखेकडे पाठवायला निघालो होतो. तिथे यंत्र तपासलं असतं, शब्द कुणी तपासला नसता. एकाच घरातली माणसंही बोलताना आपापल्या कामाची भाषा बोलतात, आणि समोरच्याला समजलं असं धरून चालतात. आम्ही पोलीसही त्यातलेच. तेव्हापासून माझ्या तीन प्रश्नांच्या आधी एक प्रश्न आला: म्हणजे काय?

काही आठवड्यांनी दाजीचा फोन आला. "साहेब, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

"छान! मेव्हणा कुठंय?"

"सकाळपासनं नुसता पळतोय बघा."

"म्हणजे काय?"

दाजी हसला. "दोन्हीकडं, साहेब. दवाखान्याचा जिना चढतोय बी, आन् उतरतोय बी."